कबुली दिल्यावर अपील?

भाऊ, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये तुम्ही कोर्टात 'कबूल' म्हणालात, दहा हजार दंड भरलात आणि आता अपील करायचंय. अवघड आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, ३७५) सांगतं, कबुलीवर शिक्षा झाली तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यावरच अपील होतं. त्याची मुदत ३० दिवस.

मात्र आरोप नीट न समजावता 'कबूल ना? कर सही' असं उरकलं असेल (रांगेत साठ माणसं असली की असंच होतं), तर सत्र न्यायालयात रिव्हिजन (खालच्या कोर्टाच्या निकालाची वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी) करता येते, ९० दिवसांत. आधी निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा. कबुली कोणत्या शब्दांत नोंदवलीय, तेच वकील पहिल्यांदा बघेल.