‘पॅच’ला ठिगळ म्हटलं तर चालेल का?

निळी शाई
आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी एकपानी पत्रक करते आहे. विषय: मोबाइल आणि कम्प्युटर वापरताना घ्यायची काळजी. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, इथपर्यंत सरळ गेलं. अडलं ते ‘सिक्युरिटी पॅच आला की लगेच टाकून घ्या’ या वाक्यापाशी. पॅच म्हणजे प्रोग्राममधली चूक दुरुस्त करायला कंपनी पाठवते तो छोटा भाग. मी लिहिलं, ‘सुरक्षेचं ठिगळ आलं की लगेच लावून घ्या.’ मसुदा मंडळाच्या चिटणीसांना दाखवला. ऐंशीच्या घरातले, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ठिगळावर लाल रेघ मारली आणि म्हणाले, “ताई, ठिगळ गरिबीचं असतं. माझ्या सदऱ्याच्या कोपरावर होतं. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करायचो नाही. पत्रकात ते नको.”
यावर मी काय बोलणार? पण नुसतं ‘पॅच’ लिहिलं तर निम्म्या लोकांना कळणार नाही. शब्द सुचवा. रविवारी छापायला द्यायचंय.

तिसरी घंटा
‘पॅच’च ठेवा. पंक्चर काढणारा काय म्हणतो? ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं, वाळलं की पॅच दाबून बसवायचा. हा शब्द ऐंशी वर्षांच्या माणसाला नवा नाही, त्याने तो हाताने लावलेला आहे.

निळी शाई
मंडळात दोन तृतीयांश बायका आहेत. पंक्चर काढायला त्या कधी बसल्या नाहीत. गोधड्या मात्र सगळ्यांनी शिवल्यात, म्हणून तर ठिगळ सुचलं.

कडुलिंब
प्रत्येक वेळी ‘लोकांना कळतं’ म्हणून इंग्रजी शब्द घेत गेलो तर मराठीत क्रियापदं तेवढी उरतील. ‘सुरक्षा-दुरुस्ती’ म्हणा. किंवा ‘दुरुस्तिका’. पहिले चार दिवस कानाला टोचेल. सावरकरांचा ‘महापौर’ही टोचला असेल, आज मेयर म्हणणारा मराठी माणूस सापडत नाही. ‘दिनांक’ही तसाच. शब्द वापरल्याशिवाय रुजत नाही आणि रुजला नाही म्हणून वापरायचा नाही, या फेऱ्यातून कुणीतरी बाहेर पडलं पाहिजे.

तिसरी घंटा
महापौर ही एक खुर्ची आहे, तिच्यावर पाटी लावता येते. पॅच दर महिन्याला येतो आणि फोनच्या पडद्यावर कंपनीने जे लिहिलंय तेच दिसतं. पत्रकात ‘दुरुस्तिका’ आणि पडद्यावर ‘अपडेट’, मग आजी बटण कुठलं दाबणार?

जुळारी
मी तेवीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली पहिली अकरा खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात. तुमच्या प्रश्नाला आमच्या धंद्यात तयार शब्द आहे: शुद्धिपत्र.
पुस्तक छापून बांधून झालं आणि मग चूक सापडली तर सगळं पुस्तक कोण पुन्हा छापणार? एक चिठ्ठी छापायची: पृष्ठ अमुक, ओळ तमुक, ‘अ’ऐवजी ‘ब’ वाचावे. चूक फारच वाईट असेल तर तेवढ्या ओळीची पट्टी छापून प्रत्येक प्रतीत चुकीच्या जागी चिकटवायची. एका पाठ्यपुस्तकाच्या दोन हजार प्रतींत मी अशा पट्ट्या खळीने चिकटवल्यात. रात्रभर. बोटं आखडली होती.
कम्प्युटरचा पॅच याहून वेगळा आहे का? जाणकारांनी सांगावं.

सातवा मजला
जुळारीकाका, अजिबात वेगळा नाही, आणि हा योगायोगही नाही. पहिल्या पिढीची काही यंत्रं भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालायची. सूचना चुकली तर पट्टीचा तुकडा कापून नवा जोडायचा, नाहीतर चुकीच्या भोकावर कागद चिकटवायचा. १९४४ च्या हार्वर्ड मार्क-१ च्या अशा पट्ट्या जपून ठेवल्या आहेत, त्यांवरची चिकटवलेली जागा उघड दिसते. म्हणजे पॅच हा शब्द कम्प्युटरकडे आला तेव्हा अलंकारिक नव्हता, खराखुरा चिकटवलेला कागद होता. तुमची खळीची रात्र त्याच जातीची.
पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉलने ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला फक्त फरकांची यादी द्यायची: अमुक ओळ काढ, तिथे ही घाल. बाकीचं तो करतो. शब्दशः शुद्धिपत्र. आजही लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच एका प्रणालीवर, काम करणारे लोक एकमेकांना याच रूपात बदल पाठवतात.

निळी शाई
शुद्धिपत्र! मला फार आवडला. चिटणीसांनाही आवडेल.

रातराणी
मला नाही आवडला. शुद्धिपत्र कुणी वाचतं का? शेवटच्या पानावर असतं आणि आपण तिथे पोचेपर्यंत चुकीचंच वाचून झालेलं असतं. शिवाय ‘शुद्धी’ म्हटलं की माझ्या आईला गोमूत्र आठवेल.

सातवा मजला
रातराणी, न वाचलेलं शुद्धिपत्र म्हणजे २०१७ ची वॉनाक्राय, कम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारी. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच काढला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधले जवळजवळ दोन महिने दुरुस्ती हजर होती, लावली नव्हती. इंग्लंडात सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने, ज्याची मुदत केव्हाच संपली होती त्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच खुला केला. मी तेव्हा एका कारखान्याचे कम्प्युटर सांभाळत होतो, आजही तेच करतो. त्या शनिवार-रविवारी घरी गेलो नाही.
आणि माझं मत ठिगळाच्या बाजूने आहे. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासूनचा शिरस्ता. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, थंडीत साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. तिथून शर्यत लागते. कारण ठिगळ कुठे लागलं हे दिसलं की खाली भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं. ज्यांनी लावलं नाही त्यांच्या त्याच जागेवर तो बुधवारपासून हात घालतो. हा अर्थ शुद्धिपत्रात येत नाही, दुरुस्तीत येत नाही. ठिगळ *दिसतं*. त्यातच सगळं आलं.

सुईदोरा
दिसू नये म्हणून तर रफू असतं. त्याच कापडाचे धागे आतल्या दुमडीतून काढायचे आणि विणकामाची चाल धरून भोक भरायचं. ठिगळ दुसऱ्या कापडाचं, रफू त्याच कापडाचं. पॅच मूळ बनवणाऱ्याकडूनच येतो ना? मग तो रफू झाला.

कडुलिंब
रफू फारसी. मराठीत ‘तुणणे’ आहे. माझी आजी ‘धोतर तुणून ठेवलंय’ म्हणायची. संस्कृतात तुन्न, आणि शिंप्याला तुन्नवाय.

सुईदोरा
कडुलिंब, तुमच्या आजीने धोतर तुणलं आणि माझ्या आजीने लुगडं रफू केलं, दोघींचं भोक बुजलं. फारसी म्हणून शब्द बाहेर काढायचा तर ‘दुरुस्त’ही तिथलाच. तुमची दुरुस्तिका पहिल्या पायरीवरच अडखळते.

कडुलिंब
दुरुस्त चारशे वर्षांत आपला झाला. सगळंच धुऊन काढा असं मी म्हणतच नाही. नव्याने आत येणाऱ्याला दारात विचारायला हवं, एवढंच.

कौलारू
एवढे शब्द झाले, कोकणातला कुणी बोलला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पावसाआधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा तपासायच्या, नवी घालून पुन्हा बसवायची. गळत असो वा नसो, दर वर्षी. गळायला लागल्यावर वर चढणारा माणूस घसरतो आणि आणखी चार कौलं फोडतो, हे माझ्या वडिलांचं बोलणं.
तुम्ही जे महिन्याच्या महिन्याला करायला सांगताय ते ठिगळ नाही, ती शाकारणी आहे. ठिगळ फाटल्यावर लावतात. लोकांना हेच समजावायचं आहे ना, की फाटायची वाट बघू नका?

रातराणी
कौलारू, वाचताना अंगावर काटा आला. माझे आजोबा मे महिन्यात गड्यांना हाका मारायचे ते ऐकू आलं. पण पुण्यातल्या आठव्या मजल्यावरच्या आजीला शाकारणी कळेल?

कौलारू
त्या आठव्या मजल्यावर जन्मल्या का? विचारून बघा. अर्ध्या जणी कौलारू घरातून आलेल्या निघतील.

ऊन-पाऊस
वऱ्हाडात आम्ही ‘ठिगय’ म्हणतो. ‘ठिगयावर ठिगय’ ही घराघरातली गोष्ट, त्यात लाज नाही. वाकळ म्हणजे नुसती ठिगळंच, आणि थंडीत सगळे तिच्याचसाठी भांडतात. मुख्याध्यापक सरांचं दुःख खरं आहे, पण ते शब्दाचं नाही, त्या वर्गाचं आहे. शब्दाला का शिक्षा?

निळी शाई
ऊन-पाऊस, हे सरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाकळीतलं ठिगळ वेगळं, सदऱ्यावरचं वेगळं. वाकळ बाहेर नेत नाहीत.”

तिसरी घंटा
सरांना माझा नमस्कार सांगा.
एक शंका. जुलै २०२४ मध्ये ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचं झालं, जगभर कम्प्युटर बंद पडले, तो पॅच होता का? आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. मी तर म्हणेन ठिगळानेच कापड फाडलं.

सातवा मजला
काटेकोर बोलायचं तर पॅच नव्हता. संरक्षण करणाऱ्या प्रोग्रामला नव्या धोक्यांची माहिती देणारी फाइल होती. ती सदोष निघाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिन्स निळ्या पडद्यावर अडकली. बऱ्याच ठिकाणी एकेका मशिनपुढे बसून हाताने ती फाइल काढावी लागली. तुमच्या उपमेत सांगायचं तर कापड शाबूत, पहारेकऱ्याला दिलेला कागद चुकीचा.
अपडेटमधूनच विष येण्याचं खरं उदाहरण २७ जून २०१७ चं नॉटपेट्या, कम्प्युटर निकामी करणारा प्रोग्राम. युक्रेनमध्ये हिशेबाचा एक प्रोग्राम सगळे वापरायचे, त्याच्या अपडेटमध्ये ते घुसवलं होतं. मर्स्क जहाज कंपनी ठप्प झाली आणि धग आपल्या न्हावा-शेवापर्यंत आली.

खाडीपलीकडे
उरणचा आहे. माझा चुलतभाऊ तेव्हा ट्रेलर चालवायचा. दोन रात्री रांगेत काढल्या त्याने, पावसात, पाव आणि चहावर. आत काय झालंय ते कुणी सांगेना, ‘कम्प्युटर बंद आहे’ एवढंच. युक्रेनचं नाव त्याने आठवड्याने पेपरात वाचलं. ज्याला सगळ्यात जास्त झळ लागते त्याला सांगायला आपल्याकडे शब्दच नसतो. म्हणून ही चर्चा मला फालतू वाटत नाही.

कडुलिंब
हेच मी केव्हापासून सांगतो आहे. आणि जाता जाता: ‘अपडेट’ला अद्ययावत म्हणता येतं, पण ते विशेषण आहे, आजपर्यंतचं या अर्थी. ‘अद्ययावत आलं’ होत नाही, ‘अद्ययावत करा’ होतं. आणि कृपा करून ‘अद्यावत’ लिहू नका, एक ‘य’ गिळला जातो.

जुळारी
ही ओळ मी निदान शंभर वेळा दुरुस्त केली असेन.

रातराणी
भोकाचं काय पण? पॅचवर एवढं बोललो, पॅच ज्यावर लावायचा त्याला काय म्हणणार? ‘भेद्यता’ कुठेतरी वाचलं, काहीच डोळ्यांसमोर येत नाही. फट, चीर, तडा, भोक, भगदाड, खिंडार. केवढी श्रीमंती आहे.

कौलारू
फटीतून वारा येतो, भोकातून उंदीर, भगदाडातून माणूस, खिंडारातून फौज. त्या मापाने वापरा.

सातवा मजला
कौलारू, हे मी कारखान्यात फळ्यावर लिहिणार आहे. आणि ‘बॅकडोअर’ला चोरदरवाजा. तो कुणी पाडलेला नसतो, बांधतानाच ठेवलेला असतो. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवाल्यांच्या एक्सझेड नावाच्या साधनात असा सापडला. ठेवणारा दोन वर्षांहून जास्त काळ इमानदार गवंड्यासारखा राबला होता, विश्वास मिळवला, मग एक चिरा आपल्या सोयीने बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो खणत गेला. अर्ध्या सेकंदावरून! अशी माणसं आहेत म्हणून आपण झोपतो.

कडुलिंब
चोरदरवाजा नको. दरवाजाही फारसी, पण मुद्दा तो नाही. रायगडावर चोरदिंडी आहे. तोच शब्द घ्या.

ऊन-पाऊस
पण गडावरची चोरदिंडी आपल्या माणसांना निसटायला होती. ही तर शत्रूने ठेवलेली. एकच शब्द दोघांना कसा?

निळी शाई
पत्रक आज सकाळी छापायला दिलं. शेवटी सरांनीच वाक्य सांगितलं: ‘फोनने दुरुस्ती मागितली की त्याच दिवशी करून घ्या, पावसाआधी घर शाकारतो तसं.’ कडुलिंब आणि कौलारू, दोघांचे आभार. शुद्धिपत्र मी माझ्यासाठी ठेवून घेतलं.

जुळारी
छान झालं. मुद्रितं दोनदा वाचा.
ऊन-पाऊस, दिंडी म्हणजे मुळात मोठ्या दारातलं लहान दार, एक माणूस वाकून जाईल एवढं. आत जायचं की बाहेर, ते दाराला माहीत नसतं.

खाडीपलीकडे
मग वारीतली दिंडी कुठून आली? तीही वाकून जाणाऱ्यांचीच ना?

कडुलिंब
तिचा या दाराशी संबंध नसावा. पंढरपूरचं दिंडीरवन बघा.

सुईदोरा
आमच्याकडे तर दिंडी म्हणजे पताका घेतलेली माणसं असंच सांगायचे. थांबा, आईला विचारते.