मदत हवी आहे: रेड ६ चा रिबिल्ड फारच हळू चाललाय

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचा स्टोरेज सर्व्हर मी सांभाळतो. जकार्डच्या डिझाइन फाइली, ऑर्डरी, हिशेब, सगळं त्यावरच. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड ६ आहे (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो अशी डिस्कची जोडणी), ८ टीबीच्या ६ डिस्क. एक डिस्क गेली, नवी घातली, रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा भरणं, सुरू झाला. पण वेग सेकंदाला २० एमबीच्या पुढे जाईना. या हिशेबाने साडेचार दिवस! अजून एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल हे खरं, पण बाकीच्या डिस्कही त्याच वयाच्या, त्यात आपल्या सोलापूरचा उन्हाळा. जीव टांगणीला लागलाय.

स्पीड लिमिट मिन (रिबिल्डचा किमान वेग) मुळात सेकंदाला १००० केबी असतं, त्यामुळे दुसरं काम आलं की रिबिल्ड मागे सरतो. ते ५०००० केलं. वेग वाढला, पण डिझाइनवाल्यांच्या फाइली उघडेनात आणि लगेच शेठचा फोन. मुकाट्याने खाली आणलं. मॅक्स २००००० वर आहे, तिथे अडत नसावं.

आता स्ट्राइप कॅश साइज (रेडचा डेटा तात्पुरता ठेवायची रॅममधली जागा) २५६ वरून ८१९२ करावी म्हणतो. सहा डिस्कला साधारण १९२ एमबी रॅम जाईल, ती परवडते. चालू रिबिल्डमध्ये कोणी बदललीय का? रात्री मिन वाढवून सकाळी कमी करायचं काम क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी लिनक्सची सोय) टाकलं तर? आणि नवी डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून भरपूर लिहिताना मंदावणारी) असेल तर हा सगळा खटाटोप वायाच; खोक्यावर काही लिहिलेलं नाही, ओळखायची कशी?

बॅकअप आहे, तेव्हा तो सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.