नववा मजला, उघडं काँक्रीट आणि दुरुस्तीची नोटीस: कौन्सिलला काय विचारू?

डोंबिवलीची_लेक

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे, पण खूप अडलं आहे म्हणून लिहिते.

आम्ही लंडनमध्ये १९६८ सालच्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतो. मूळची ही कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेची भाड्याची घरं. आधीच्या मालकिणीने राइट टू बायमध्ये (भाडेकरूला आपलं कौन्सिलचं घर विकत घेण्याची योजना) घेतलेलं घर आम्ही २०१६ साली तिच्याकडून विकत घेतलं. बिल्डिंगमध्ये अजून निम्म्याहून जास्त कौन्सिलचे भाडेकरूच आहेत. बाहेरून ना गिलावा, ना रंग, सगळं राखाडी काँक्रीट. आई पहिल्यांदा आली तेव्हा खाली उभी राहून म्हणाली, "अगं, काम अर्धवट राहिलंय का याचं?" पण वर आल्यावर दोन्ही बाजूंचा उजेड बघून ती महिनाभर बाल्कनीतच बसून होती. मला हे घर मनापासून आवडतं.

गेल्या आठवड्यात सेक्शन ट्वेंटीची नोटीस आली, म्हणजे मोठ्या कामाचा खर्च आमच्याकडून घेण्याआधी द्यावी लागते ती. काँक्रीटची दुरुस्ती, सगळ्या खिडक्या बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, शिवाय बाहेरून इन्सुलेशन "विचाराधीन". आमच्या वाट्याला अंदाजे ३१,४०० पौंड. हरकती-सूचनांना ३० दिवस.

दुसरं दुखणं बुरशीचं. मुलांच्या खोलीत, बाल्कनीच्या बाजूला, भिंत आणि छत मिळतात तिथे काळा पट्टा येतो. पुसला की तीन आठवड्यांत परत. बघायला आलेल्या माणसाने ओट्यावरचा कुकर बघितला आणि म्हणाला, हे तुमच्या स्वयंपाकामुळे होतंय. धाकट्याचा खोकला हटत नाही आणि वर हे ऐकायचं. त्या क्षणी मला एक शब्द बोलता आला नाही.

शेजारचे काही जण म्हणतात, हे काँक्रीट संपलं, पाडून टाका. खरंच संपतं का ते? आणि पत्रात नेमकं काय विचारू?

लीजवाला

कायद्यापुरतं सांगतो. ३० दिवसांत लेखी द्या, ईमेल आणि पोस्ट दोन्ही. तुमच्या म्हणण्याचा विचार करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. खर्च अवाजवी वाटला तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या लवादाकडे जाता येतं. कामाला केंद्र सरकारचा निधी आहे का, तेही विचारा. तसा असेल तर २०१४ पासून लंडनमध्ये पाच वर्षांत १५,००० पौंडांची मर्यादा लागू शकते. निधी कौन्सिलचा स्वतःचा असेल तर ती लागत नाही, त्यामुळे त्या आशेवर बसू नका. हप्त्यांची सोय मात्र नक्की मागा.

सांगलीकर_अभियंता

ताई, आधी कुकरचं. मी बावीस वर्षं इकडे जुन्या काँक्रीटच्या इमारती तपासतोय आणि हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. २०२० साली रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या आईवडिलांनाही तुमच्या राहणीमुळे असं होतंय, हेच ऐकावं लागलं होतं. त्याच्या नावाने झालेला कायदा सोशल भाडेकरूंसाठी, म्हणजे कौन्सिल किंवा गृहसंस्थेच्या भाडेकरूंसाठी आहे, घर लीजवर विकत घेतलेल्या तुम्हा लीजहोल्डरांना तो थेट लागू नाही. पण तुमच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंना आहे. त्यांना बरोबर घ्या.

तुमचा पट्टा कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय: बाल्कनीच्या बाजूला, छताच्या कडेला. त्या काळच्या बांधकामात स्लॅब घरातून सलग बाहेर जातो आणि त्याचीच बाल्कनी होते. मध्ये काही आड नाही. जानेवारीत बाहेरचं टोक गारठतं आणि तो गारठा स्लॅबमधून सरळ तुमच्या छताच्या कडेला येतो. माठाला बाहेरून पाणी सुटतं तसं नव्हे, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर दव धरतं, तसं. घरात माणसं श्वास घेतात, भात शिजतो, कपडे वाळतात, ती वाफ सगळ्यात थंड जागा शोधते. वाफ प्रत्येक घरात असते. थंड कोपरा बांधणाऱ्याने दिलेला आहे.

म्हणून खिडक्यांबद्दल माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. जुन्या लोखंडी चौकटींच्या फटींतून वाफ निघून जायची. नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या घट्ट बसल्या की ती वाटही बंद होते. खिडक्या बदलल्या आणि पुढच्याच हिवाळ्यात बुरशी दुप्पट झाली, असं मी अनेकदा बघितलंय. पत्रात पहिला प्रश्न हाच लिहा: खिडक्यांबरोबर हवा खेळती ठेवण्याची काय व्यवस्था आहे? स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये मंद गतीने अखंड चालणारे पंखे हवेत. बटण दाबल्यावर दहा मिनिटं घरघरणारे उपयोगाचे नाहीत.

दुसरा प्रश्न इन्सुलेशनचा. ते आतून देणार असतील तर भिंतीवर थांबून चालत नाही, छतावरही अर्धा-एक मीटर आत वळवावं लागतं. नाहीतर बुरशी भिंतीवरून उठून छतावर जाते. बाहेरून देणार असतील तर कुठला माल, ते नावानिशी मागा. लंडनमधला ग्रेनफेल टॉवर १९७४ सालचा. त्याचं काँक्रीट नव्हे, नूतनीकरणात बाहेरून चढवलेलं आवरण १४ जून २०१७ च्या रात्री पेटलं आणि ७२ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणारा माल वापरायला बंदी आली. दगडी लोकरीसारखा न जळणारा मालच हवा, असं स्पष्ट लिहा.

आता काँक्रीट "संपलं" का. सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित राहते कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि तो गुण मारतो. सळईवरचा थर पातळ असेल तर तिथे गंज लवकर पोचतो. गंजलेली सळई फुगते आणि वरचा पापुद्रा उडवते. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या छज्ज्यांखाली उघड्या पडलेल्या सळया आपण सगळ्यांनी बघितल्यात, तोच प्रकार. हा रोग आहे, पण बहुतेक वेळा ठिकठिकाणचा असतो.

तो शोधायची पद्धत आजीच्या मडकं घेण्यासारखीच आहे. दोरावर लटकून प्रत्येक हातभर अंतरावर हातोडीने वाजवत जायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत पोकळ, तिथे खडूची खूण. मग एका खुणेवर काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारायचं. निरोगी भाग क्षणात गडद गुलाबी होतो, मेलेला राखाडीच राहतो. बाहेरून आत येणारा राखाडी भाग सळईच्या किती अलीकडे थांबतो, त्यावर सगळा हिशेब. तुम्ही भरणार असलेल्या पैशाचा मोठा वाटा या दोन चाचण्यांवर ठरतो, तेव्हा अहवालाची प्रत मागा: एकूण किती चौरस मीटर बद्द निघालं आणि अंदाजपत्रकात किती धरलंय. हे दोन आकडे जुळत नसतील तर तिथेच बोट ठेवा.

अजून एक. इमारत जागेवर ओतलेली आहे की कारखान्यात केलेली मोठी पॅनेलं जोडून उभी केलेली, हे विचारा. १६ मे १९६८ ला लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली नव्याकोऱ्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार जण गेले. ती पॅनेलची इमारत होती. तुमची तशी असेल तर सांध्यांची तपासणी आणि गॅसची स्थिती हे विषय खिडक्यांच्याही आधी येतात.

पाडण्याबद्दल. उघड्या काँक्रीटच्या या वास्तुशैलीला ब्रूटालिझम म्हणतात, आणि ते नाव ऐकलं की लोकांना क्रूर काहीतरी वाटतं. शब्द आलाय फ्रेंच 'बेताँ ब्रूत' वरून, म्हणजे कोरं, कच्चं काँक्रीट. वास्तुविशारद अर्नो गोल्डफिंगरच्या लंडनमधल्या बाल्फ्रन टॉवरला एकदा जवळ जाऊन हात लावा. आपल्याकडे पाट्याला टाकी लावतात, तसं ते काँक्रीट टोचून खरबरीत केलंय, आतली खडी दिसते. ही गरिबांच्या घराला दिलेली मेहनत आहे. दुर्दैव असं की तोच बाल्फ्रन दुरुस्तीसाठी रिकामा केला गेला आणि घरं खुल्या बाजारात गेली. इमारत वाचली, भाडेकरू गेले.

उलटं उदाहरण फ्रान्समधल्या बोर्दोचं. ग्राँ पार्क वसाहतीतल्या साठच्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. पाडायचं चाललं होतं. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी द्रुओ आणि ह्यूतँ यांच्याबरोबर बाहेरून नवा सांगाडा उभा केला आणि प्रत्येक घराला ३.८ मीटर खोल काचबंद बाल्कनी जोडली. छोट्या खिडक्यांच्या जागी सरकती दारं. घरामागे सुमारे ५० हजार युरो, आणि काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहिली. ती काचबंद जागा हिवाळ्यात ऊब धरून ठेवते, म्हणजे इन्सुलेशन आणि एक जादा खोली एकाच खर्चात. २०१९ चा मीस व्हान डेर रोह हा वास्तुकलेचा युरोपीय पुरस्कार त्याला मिळाला. मी ते जाऊन बघितलंय. एका आजींनी तिथे टोमॅटो लावले होते आणि शेजारी इस्त्रीचं टेबल.

तुमची कौन्सिल एवढं करणार नाही. पण "आम्ही घरात राहूनच काम होईल ना?" हे लेखी घ्या.

शेफील्डमधला_नाशिककर

सांगलीकर, छान लिहिलंत. मी शेफील्डच्या पार्क हिल या जुन्या कौन्सिल वसाहतीत भाड्याने राहतो, नूतनीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या भागात. स्टेशनच्या डोक्यावरच्या टेकडीवर १९५७ ते १९६१ मध्ये बांधलेली ९९५ घरं. गंमत ही की छत सगळीकडे एकाच पातळीवर आणि खालची जमीन उतरती, म्हणून एका टोकाला चार मजले तर दुसऱ्या टोकाला तेरा. दर तिसऱ्या मजल्याला रुंद गॅलरी, ज्यावरून पूर्वी दुधाची गाडी जायची. पाडलेल्या वस्तीतल्या गल्ल्यांचीच नावं त्या गॅलऱ्यांना दिली होती.

पहिल्या टप्प्यात विटा काढून झगझगीत रंगाचे ॲल्युमिनियमचे पत्रे लावले. आमच्या बाजूला जुन्या विटा धुऊन तशाच ठेवल्या आणि इन्सुलेशन आतून दिलं. खाली गडद, वर जाताना फिक्या होत जाणाऱ्या विटा. मला आमची बाजू जास्त आवडते, कारण ती आधी इथे राहून गेलेल्यांच्या ओळखीची राहिली. घर हिवाळ्यात खरंच उबदार आहे. पण परवा गॅलरीत एक वयस्कर बाई भेटल्या. लहानपणी इथेच राहायच्या. आमच्या दाराला हात लावून म्हणाल्या, आता भाडं किती? मी सांगितलं. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. बोर्दोचं वाचताना तोच चेहरा आठवला.

डोंबिवलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवऱ्याबरोबर मुलांच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं. भिंतीवर कपाटाच्या पाठीची चौकट जशीच्या तशी काळी उमटली होती. फोटो काढले, तारखेसकट. कपाट आता चार बोटं पुढेच राहील.

हातोडीही घेतली. बाल्कनीचा कठडा टोकापासून वाजवत गेलो. बराचसा खणखणीत, पण कोपऱ्यात पोळपाटाएवढा भाग अगदी बद्द. धाकट्याने ऐकून लगेच सांगितलं, आई, इथे वेगळं वाजतं. खडूने गोल केला आणि तोही फोटो जोडला.

सहा प्रश्नांचं पत्र तयार आहे: चाचण्यांचा अहवाल आणि चौरस मीटर, बांधकामाची पद्धत, इन्सुलेशनचा माल, पंखे, निधी कुठला, आणि काम चालू असताना राहण्याचं. सातव्या मजल्यावरच्या बांगलादेशी काकूंना दाखवायला गेले, तर त्यांनी मला हाताला धरून मुलाच्या खोलीत नेलं. तोच कोपरा, तोच पट्टा. त्या भाडेकरू आहेत. सही त्याही करणार आहेत, आणि रविवारी आम्ही दोघी मिळून बाकीच्या मजल्यांवर जाणार आहोत.