डोंगरउतारावरचा विद्यापीठ परिसर अपंग विद्यार्थ्यांसाठी सुगम करायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

भूगोलशिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठात भूगोल शिकवते. समान संधी कक्षाचे समन्वयकपद नुकतेच माझ्याकडे आले असून, परिसर अपंग विद्यार्थ्यांसाठी सुगम करण्याचा आराखडा व्यवस्थापन परिषदेच्या पुढील बैठकीपूर्वी मला सादर करायचा आहे.

आमचा परिसर डोंगरउतारावर तीन टप्प्यांत वसलेला आहे. प्रशासकीय इमारत आणि ग्रंथालय वर, बहुतेक विभाग मधल्या टप्प्यावर आणि वसतिगृहे व भोजनालय सर्वांत खाली आहेत. हे टप्पे दगडी पायऱ्यांनी जोडलेले आहेत. गाडीरस्ता आहे, परंतु तो मोठा वळसा घेऊन जातो आणि त्याला पदपथ नाही. जुन्या दुमजली इमारतींत लिफ्ट नाही. उपलब्ध निधीतून प्रत्येक इमारतीच्या दारात एक रॅम्प बांधावा आणि प्रत्येक इमारतीतील एक स्वच्छतागृह राखून ठेवावे, असा बांधकाम विभागाचा प्रस्ताव आहे.

हा प्रस्ताव वाचताना मला मागील वर्षीची एक विद्यार्थिनी आठवत राहते. ती व्हीलचेअर वापरत असे. गुणवत्तेवर तिने एम. ए.ला प्रवेश घेतला, मात्र वर्ग वरच्या मजल्यावर भरत असल्याने तिचा भाऊ तिला रोज उचलून नेत असे. तिसऱ्या आठवड्यात भावाला नोकरीवर रुजू व्हावे लागले आणि तिचे येणे थांबले. ती का येत नाही याची चौकशी आमच्यापैकी कोणीही केली नाही, मीसुद्धा केली नाही. दारात रॅम्प असता तरी तिला वर्गापर्यंत पोहोचता आले नसते, हे आता माझ्या लक्षात येते.

ज्यांनी अशा परिसरात शिक्षण घेतले आहे किंवा असे काम केले आहे, त्यांनी मर्यादित निधीत कोणती कामे आधी हाती घ्यावीत हे कृपया सविस्तर सांगावे.

चाकांवरची वाट (प्रतिसाद १)

मॅडम, मी स्वतः व्हीलचेअर वापरते आणि सध्या पीएच. डी.चे संशोधन करते आहे. (मी स्वतःला अपंग म्हणते, शासकीय शब्द दिव्यांग आहे. आपल्या विद्यार्थ्यांना कोणता शब्द योग्य वाटतो, हे त्यांनाच विचारावे.)

इमारतींची यादी करण्याऐवजी एका विद्यार्थ्याच्या पूर्ण दिवसाची यादी करावी, अशी माझी विनंती आहे. सकाळी खोलीतून स्नानगृहापर्यंत, तेथून भोजनालयात, मग वर्गात, दोन तासांच्या मध्ये स्वच्छतागृहात, दुपारी ग्रंथालयात, शुल्क भरण्याच्या खिडकीवर आणि संध्याकाळी चर्चासत्राला: ही साखळी एका कडीपाशी तुटली, तरी पुढच्या साऱ्या सोयी त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नसल्यासारख्याच असतात. दहा इमारतींना अर्धवट सोयी देण्यापेक्षा एक वसतिगृह, एक भोजनालय, एक वर्ग-इमारत आणि ग्रंथालय यांना जोडणारी एक वाट सलगपणे पूर्ण केली, तर पहिल्याच वर्षी कोणीतरी तेथे खरोखर शिकू शकेल.

स्वच्छतागृहाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्याबद्दल सहसा कोणी मोकळेपणाने बोलत नाही. पदवीच्या तीन वर्षांत मी महाविद्यालयात असताना पाणी पीत नसे. आमच्या इमारतीत अपंगांसाठीची पाटी लावलेले स्वच्छतागृह होते, पण त्याला कुलूप असे, किल्ली शिपायाकडे असे आणि आत झाडू, बादल्या व मोडकी बाके ठेवलेली असत. एकदा ते उघडून मिळाले, तेव्हा दार आतल्या बाजूला उघडत असल्यामुळे खुर्ची आत गेल्यावर ते लावता येईना. मूत्रमार्गाचा संसर्ग मला वारंवार होत असे आणि त्याचे कारण मी घरीही सांगत नसे. आराखड्यात स्वच्छतागृहाच्या मापांइतकेच महत्त्व, ते दिवसभर कुलपाविना उघडे राहील आणि त्याचा भांडारासाठी वापर होणार नाही, या आदेशाला द्यावे.

ज्या वर्गात असा विद्यार्थी आहे, तो वर्ग तळमजल्यावर हलवण्यास केवळ वेळापत्रक बदलावे लागते. आपल्या विद्यार्थिनीसाठी एवढे झाले असते, तर तिला भावाच्या आधारावर अवलंबून राहावे लागले नसते. कायद्याच्या भाषेत यालाच वाजवी तजवीज म्हणतात.

वास्तुरचनाकार, कोल्हापूर (प्रतिसाद २)

वरील प्रतिसादातील सलग वाटेचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र उरलेल्या इमारती अनिश्चित काळासाठी बाजूला ठेवता येणार नाहीत, हेही आराखड्यात स्पष्ट असावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ते नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली. नव्या इमारतीने सुगमतेचे नियम पाळले नसतील, तर कलम ४४ नुसार तिला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तयार करण्यास सांगितले. त्यामुळे परिषदेपुढे हा विषय ऐच्छिक सुधारणा म्हणून मांडू नये.

आता रॅम्पचे गणित पाहू. उताराचे प्रमाण १:१२ असावे लागते. दारात प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या चार पायऱ्या असतील, तर जोते ६० सेंटीमीटर उंच आहे आणि रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात दारासमोर दीड-दोन मीटरच जागा मोकळी असते, म्हणून पायऱ्यांवरच काँक्रीट ओतून साधारण १:३ उताराचा घसरता पृष्ठभाग तयार केला जातो. त्यावरून एकट्याने चढणे अशक्य आणि उतरणे धोक्याचे असते. पुढे जागा नसेल तर रॅम्प भिंतीला समांतर घ्यावा आणि वळणावर किमान दीड मीटरची सपाट जागा सोडावी, म्हणजे खुर्ची वळवता येते. दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे असावेत आणि दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असावी. ही रुंदी चौकटीची धरू नये; दार उघडल्यावर प्रत्यक्ष किती जागा उरते, ती मोजावी.

आपल्याकडील पावसाचा विचार नकाशावर हमखास राहून जातो. पावसाळ्यात उघड्या रॅम्पवर शेवाळ धरते आणि गुळगुळीत ग्रॅनाइटवर कुबडी टिकत नाही. म्हणून खडबडीत फरशी, पाणी आडवे वाहून जाईल अशी नाली आणि शक्य तेथे छत, हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. नालीवरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या आणि अरुंद असाव्यात, अन्यथा खुर्चीचे पुढचे लहान चाक त्यांत अडकते.

तीन टप्प्यांमधील उंचीचा प्रश्न मात्र केवळ रॅम्पने सुटणारा नाही. दोन टप्प्यांत १० मीटरचा फरक असेल, तर १:१२ ने १२० मीटरचा रॅम्प होतो आणि विसाव्याच्या सपाट जागा धरल्यास तो आणखी लांबतो. हाताने चाके फिरवत तो रोज दोनदा चढावा, अशी अपेक्षा मी कोणाकडूनही करणार नाही. गाडीरस्त्यावर ठरलेल्या वेळी धावणारे वाहन ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. परंतु बॅटरीवर चालणाऱ्या नेहमीच्या गाड्यांना पायरी असते आणि त्यांत व्हीलचेअरसह चढता येत नाही. खरेदीच्या निविदेतच उघडमीट होणारी उतरती फळी आणि खुर्ची बांधण्याची सोय यांचा उल्लेख असावा. रस्त्याच्या एका बाजूला पदपथही लागेल, कारण पांढरी काठी वापरणाऱ्याला वाहनांमधून वाट काढायला लावणे योग्य नाही.

अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या उठावाच्या रेषांच्या पिवळ्या फरश्या मी अनेक ठिकाणी थेट खांबापर्यंत किंवा झाडाच्या आळ्यापर्यंत गेलेल्या पाहिल्या आहेत. त्या बसवताना एखाद्या अंध व्यक्तीला सोबत घेऊन संपूर्ण मार्ग चालून पाहावा.

काठी आणि कीबोर्ड (प्रतिसाद ३)

मी जन्मांध असून एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वरची चर्चा आवश्यकच आहे, परंतु माझ्यासारख्याला पायऱ्यांपेक्षा कागद अधिक अडवतो, हे मला येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

विद्यापीठांची परिपत्रके, वेळापत्रके आणि अर्ज आजही अनेकदा कागदावर छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करून संकेतस्थळावर चढवले जातात. अशी फाइल स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीसाठी, केवळ एक चित्र असते. दुसरी अडचण खास आपल्या भाषेतली आहे. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यामुळे स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरे वाचू लागतो. प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे मेहनतीने तयार केलेल्या टिपणांचा फार मोठा साठा अशा फॉन्टमध्ये अडकून पडला आहे. यापुढील प्रत्येक मजकूर युनिकोडमध्येच (ज्यात मराठी अक्षरे संगणकालाही मराठी म्हणूनच कळतात) टंकावा आणि मूळ मजकुराची फाइल सहीच्या प्रतीसोबत प्रसिद्ध करावी, हा आदेश कुलसचिवांना एका दिवसात काढता येईल. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे आणि तो मराठी वाचतो. तो ग्रंथालयाच्या सर्व संगणकांवर असावा, एका कोपऱ्यातल्या राखीव संगणकावर नव्हे.

ग्रंथपालांना पुस्तके स्कॅन करून देण्यात प्रताधिकाराची भीती वाटते. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुगम प्रत तयार करण्यास मुभा दिली आहे आणि याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारत होता. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्वही विद्यार्थ्यांना मिळवून द्यावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून हे काम करीत आहे. आपण त्यास एकदा भेट द्यावी.

परीक्षेबाबत एवढेच सांगतो की केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, भरपाईचा वेळ द्यायचा असतो. नियम असूनही एम. ए.च्या पहिल्या परीक्षेत पर्यवेक्षकांनी माझा पेपर तीन तासांनीच काढून घेतला होता. परिपत्रक परीक्षा विभागाच्या कपाटात होते, वर्गावरच्या माणसापर्यंत ते पोहोचलेच नव्हते. म्हणून ते प्रत्येक परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांच्या पाकिटात घालावे. लेखनिक शोधण्याचा भारही विद्यार्थ्यावर टाकू नये. विद्यापीठाने लेखनिकांची यादी स्वतः ठेवावी.

खुणांची दुभाषी (प्रतिसाद ४)

मी भारतीय सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. कर्णबधिर विद्यार्थी हिंडताफिरता असल्याने सुगमतेच्या पाहणीत तो कोणाच्या डोळ्यांपुढेच येत नाही. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, त्याच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. म्हणून शिक्षकांच्या टिपणांची झेरॉक्स दिली की काम झाले, असे समजू नये. तासाला दुभाषी नेमायचा असेल तर दोघांची तरतूद करावी, कारण साधारण अर्ध्या तासानंतर थकव्यामुळे अर्थ निसटू लागतो आणि दोघे आलटून पालटून काम करतात. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, चित्रफितींत बोललेला मजकूर पडद्यावर लिहून यावा आणि वसतिगृहातील आगीच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा असावा. या शेवटच्या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधते: रात्री भोंगा वाजल्यावर खोलीत एकटा झोपलेला कर्णबधिर विद्यार्थी जागा होणार नाही.

समुपदेशक (प्रतिसाद ५)

२०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजारही येतात. हे विद्यार्थी प्रवेशअर्जात सहसा काहीच नोंदवत नाहीत, कारण ती माहिती कोणाकोणाच्या हाती जाईल याची त्यांना खात्री नसते. आपल्या कक्षाची नोंदवही गोपनीय राहील असे लेखी आश्वासन द्यावे आणि प्रवेशानंतर वर्षभरात केव्हाही मदत मागता येईल अशी सोय ठेवावी.

भूगोलशिक्षिका (प्रश्नकर्तीचे उत्तर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. परिषदेच्या बैठकीची वाट न पाहता काही गोष्टी या आठवड्यात केल्या. मधल्या टप्प्यावरील दोन स्वच्छतागृहांची कुलपे काढून आतले सामान हलवले. दारे बाहेरच्या बाजूला उघडतील अशी बसवण्याचे काम सुरू आहे. युनिकोडच्या आदेशाचा मसुदा कुलसचिवांकडे दिला आहे. सलग वाटेची पाहणी सध्या शिकत असलेल्या सात अपंग विद्यार्थ्यांसोबत करणार असून, त्या कामाचे मानधन त्यांना मिळावे असा आग्रह मी धरला आहे. प्रत्येक इमारतीच्या दारात रॅम्प हा प्रस्ताव तूर्त थांबवला आहे. उरलेल्या इमारतींचा क्रम आणि मुदत वास्तुरचनाकारांनी सुचवल्याप्रमाणे आराखड्यात लिहीन.

काल त्या विद्यार्थिनीच्या घरी दूरध्वनी केला. मी आधी क्षमा मागितली. पुढील सत्रापासून एम. ए.चे सर्व तास तळमजल्यावर घेण्याचे विभागाने मान्य केले असल्याचे तिला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले की ग्रंथालयाच्या दाराची रुंदी किती आहे. मला ती सांगता आली नाही. उद्या सकाळी दार उघडून, मोकळी जागा मोजून तिला कळवणार आहे.