उंदीर असताना मासे कशाला?

रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत झेब्राफिश हा छोटा पट्टेदार मासाही वापरतात. त्यावर कुणी विचारेल, की कर्करोग माणसाचा, मग त्यासाठी मासे कशाला, उंदीर आहेत की. प्रश्न रास्त आहे. पण झेब्राफिशचं पिल्लू पारदर्शक असतं, इथेच सगळा फरक पडतो. आपल्या पुण्यात आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत याच माशावर हृदयाचा अभ्यास चालतो. कुठे संधी मिळाली तर दोन-तीन दिवसांचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा, शेपटीतल्या रक्तपेशी धावताना दिसतात!

2003 साली बोस्टनच्या संशोधकांनी उंदराचं 'मिक' हे कर्करोगकारक जनुक हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून या माशात घातलं, तेही फक्त लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींत सुरू होईल अशा बेताने. त्यामुळे रोग डोळ्यांदेखत वाढताना दिसला: आधी थायमसमध्ये (या पेशी जिथे वाढतात त्या ग्रंथीत) हिरवा ठिपका, मग कल्ल्यांकडे आणि डोळ्यांमागे, पुढे स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. जिवंत उंदरात हे इतकं सहज दिसत नाही. शिवाय एक जोडी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते आणि औषध थेट पाण्यात मिसळून तपासता येतं.

उंदीर यामुळे बाद होत नाहीत, हेही खरं. माशाचं रक्त अस्थिमज्जेत नाही, मूत्रपिंडात तयार होतं आणि तो राहतो 28 अंशांच्या पाण्यात. म्हणून माशात लागू पडलेलं औषध पुढे उंदरात आणि माणसाच्या पेशींवर तपासावंच लागतं. पण शेकडो रसायनांतून पहिली चाळणी लावायला मला तरी मासाच योग्य वाटतो.