जपानमध्ये भाड्याची गाडी चालवायला आपले लायसन्स पुरते काय?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ):
उन्हाळवाही आटोपली की मे महिन्यात आम्ही टोकियोला पुतण्याकडे जाणार आहोत आणि पुढे होक्काइडोत भाड्याच्या गाडीने फिरण्याचा विचार आहे. लायसन्सवरचा मजकूर इंग्रजीत असल्यामुळे वेगळा परवाना लागत नाही, असे एक एजंट सांगतो. पुतण्या मात्र तो लागतोच म्हणतो. माझ्या लायसन्सची मुदत ऑगस्टमध्ये संपते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (अमरावती):
काका, पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. एजंट सांगतो ती सवलत ब्रिटनसारख्या देशात मिळते. तिथे पाहुण्याला स्वतःच्या देशाच्या लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. जपान मात्र रस्ते वाहतुकीबाबतच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातला आंतरराष्ट्रीय परवाना मागतो आणि भारत त्या करारात असल्यामुळे आपल्या आरटीओने दिलेला परवाना तिथे ग्राह्य धरला जातो. तो नसेल तर कायद्याच्या दृष्टीने आपण विनापरवाना चालक ठरता, आणि अशा वेळी अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाण्याची भीती असते, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

उत्तर (पुसद):
माझी कळकळीची विनंती आहे की आपण आधी लायसन्सचे नूतनीकरण करून घ्यावे. ते मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येते. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षासाठी मिळतो, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोही त्याच दिवशी संपतो. मग प्रवास लांबला किंवा पुढे ढकलावा लागला तर १,००० रुपयांचे शुल्क पुन्हा भरावे लागेल. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर नमुना ४-अ मध्ये करावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा यांची अट राहिलेली नाही. घरबसल्या परवाना देतो म्हणणाऱ्या खासगी संकेतस्थळांना मात्र एक रुपयाही देऊ नये, कारण आपल्याकडे हा परवाना देण्याचा अधिकार आरटीओचाच आहे. जपानमध्ये गाडी घेताना परवान्याबरोबर मूळ लायसन्स आणि पासपोर्टही जवळ ठेवावा.

उत्तर (आर्वी, जि. वर्धा):
काकूही गाडी चालवणार असतील, तर त्यांचा परवाना स्वतंत्र काढावा आणि गाडी घेतानाच करारपत्रात दुसऱ्या चालक म्हणून त्यांचे नाव लिहून घ्यावे.