माँटगोमेरी: बहिष्कार ३८१ दिवस चालला कसा?

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात १९५५-५६ मध्ये कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला होता. त्याबद्दल बरेचदा म्हटलं जातं की रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय महिला दमली होती म्हणून गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि आंदोलन आपोआप पेटलं. हे अर्धवट आहे. त्या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या.

आधी तेव्हाच्या बसची रचना बघा. पुढच्या १० जागा गोऱ्यांसाठी राखीव, त्या रिकाम्या असल्या तरी. मधल्या ओळींत एक गोरा आला की त्या ओळीतल्या चारही कृष्णवर्णीयांनी उठायचं, कारण गोरे आणि कृष्णवर्णीय यांनी एकाच ओळीत बसायचं नाही! वर पुष्कळदा पुढच्या दाराने भाडं भरून खाली उतरायचं, मागच्या दाराने चढायचं. तेवढ्यात बस निघूनही जायची.

१ डिसेंबर १९५५ ला पार्क्स यांना अटक झाली. त्याच रात्री कॉलेजात शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी तिथल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं काढली. सुरुवातीला कृष्णवर्णीयांच्या टॅक्सी बसच्याच भाड्यात, १० सेंटांत न्यायच्या. शहराने किमान ४५ सेंटांचा नियम दाखवला, तेव्हा सुमारे ३०० खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून फिरू लागल्या. मग या गाड्यांचे विमे रद्द झाले; शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला.

आणि बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल? तो पार्क्स यांच्या खटल्यात लागलेलाच नाही. ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या वेगळ्या खटल्यात लागला. त्यातल्या एक वादी क्लॉडेट कोल्विन, ज्यांना मार्च १९५५ मध्येच, १५ व्या वर्षी, अशीच अटक झाली होती. गंमत म्हणजे १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्याच दिवशी स्थानिक कोर्टाने बहिष्कारासाठी फिरणाऱ्या त्या खासगी गाड्यांवर बंदी घातली.